मुदतीपूर्वी

महसूल खात्यातील ३४ वर्षांच्या नोकरीत ज्या एका शब्दाशी माझा अत्यंत निकटचा सहवास घडला, तो शब्द म्हणजे मुदत. अपिलाची मुदत, हरकतीची मुदत, सारा भरण्याची मुदत, जप्तीची नोटीस बजावल्यानंतरची मुदत. आणि अशा प्रत्येक मुदतीच्या दाराशी, टोपीने घाम पुसत, एक दिवस उशिरा येऊन उभा राहिलेला कोणी ना कोणी पक्षकार. उशीर झालेल्या माणसाचा चेहरा मला पाठ आहे. परंतु मुदतीपूर्वी हजर झाल्यामुळे कोणाचे नुकसान झाले, असे एकही प्रकरण माझ्या दप्तरात कधी आले नाही. ते आले वयाच्या ६६ व्या वर्षी, साताऱ्यातील माझ्या घराच्या दिवाणखान्यात, एका जपानी व्हिडिओ गेमच्या निमित्ताने. आणि त्या प्रकरणातला कसूरदार मीच होतो.

नातू अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी बाहेरगावी गेला, वसतिगृहातल्या खोलीत टीव्ही नाही, सबब त्याचे प्लेस्टेशन आमच्या हवाली झाले. ‘नुसतं पडून राहिलं तर खराब होईल आजोबा, अधूनमधून चालवत जा,’ अशी ताकीद देऊन तो गेला, आणि मी, ज्याने आयुष्यात पत्त्यांतही फारसा जीव गुंतवला नाही, तो केवळ यंत्राची निगा म्हणून एके दुपारी ते सुरू करून बसलो. तबकड्यांमध्ये एकीवर एका हाताच्या तलवारधाऱ्याचे चित्र होते. नाव ‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस’. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने, हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला आणि मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा खेळ सोळाव्या शतकाच्या अखेरच्या, म्हणजे सेंगोकू काळ मावळतानाच्या जपानात, आशिना नावाच्या एका कल्पित डोंगरी संस्थानात घडतो. सेकिरो म्हणजे एकभुज लांडगा. आपल्या बालधन्याच्या रक्षणास बांधलेल्या या शिनोबीचा, म्हणजे गुप्त योद्ध्याचा, डावा हात आरंभीच गेनिचिरो आशिना नामक सरदार लव्हाळ्यांच्या रानात छाटून टाकतो, आणि पुढची सगळी यातायात धनी परत मिळवण्याची आहे. कथा चांगली आहे, पण मी इथे तिच्याविषयी लिहायला बसलेलो नाही.

मला लिहायचे आहे ते कंट्रोलरच्या डाव्या खांद्यावरील एका बटणाविषयी. ते दाबून धरले की आपला योद्धा तलवार आडवी धरतो व समोरचा वार अडवतो. मात्र शत्रूचे पाते आपल्या पात्याला भिडते त्याच क्षणी ते दाबले, तर वार नुसता अडत नाही, परतवला जातो. इंग्रजीत याला पॅरी म्हणतात, या खेळात डिफ्लेक्ट. प्राण दर्शवणारी पट्टी तर उभय पक्षांना आहेच. पण तिच्याखेरीज प्रत्येकाला आणखी एक पट्टी आहे, पोश्चरची, आपण तिला तोल म्हणू. अडवलेल्या प्रत्येक वाराने आपली तोलाची पट्टी भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की आपण झोकांडी खाऊन उघडे पडतो. परतवलेल्या वाराने समोरच्याची पट्टी भरते. आपलीही थोडी भरते, पण परतवणे अचूक असेल तर ती काठोकाठ येऊनही फुटत नाही. समोरच्याचा तोल गेला की त्याच्या अंगात कितीही प्राण शिल्लक असला तरी एका घावात निकाल लागतो. म्हणजे या खेळात जय मिळतो तो मुख्यतः वार करून नव्हे, तर वार योग्य वेळी घेऊन.

आता ही योग्य वेळ किती? पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे एकेक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते, आणि अशा मोजक्या चित्रांपुरते ते दार उघडे असते. पाव सेकंदसुद्धा नाही. शिवाय खेळ रचणाऱ्यांनी एक बंदोबस्त असा करून ठेवला आहे की भीतीपोटी कोणी बटण वरचेवर बडवू लागला, तर दर दाबण्यागणिक ही मुदत आणखी आखडत जाते. तगाद्यावर तगादा लावणाऱ्या अर्जदाराची मुदत कचेरीने आपण होऊन कमी करत जावी, असा हा न्याय. सरकारात हा नियम असता तर माझी निम्मी नोकरी सुखाची गेली असती.

पहिला दीड महिना मी आशिनाच्या किरकोळ शिपायांकडून मार खाल्ला. मरण आले की पडद्यावर ‘मृत्यू’ या अर्थाचे एक लाल चिनी अक्षर उमटते. या योद्ध्याला एकदा उठून पुन्हा लढण्याची सवलत आहे, पण तीही संपली की मागच्या मूर्तीपाशी जाऊन नव्याने आरंभ. ते अक्षर मला इतके परिचयाचे झाले की जपानी भाषेत मी निदान एक शब्द तरी वाचू शकतो असे म्हणायला हरकत नाही. कारण मला ठाऊक होते, किंवा ठाऊक आहे असे वाटत होते: वय. हात मंदावला, दृष्टी मंदावली, वार दिसेपर्यंत पडून गेलेला असतो. एवढ्या पटण्याजोग्या सबबीवर मी स्वतःला माफ करून टाकले होते.

नातवाला फोनवर विचारले तर तो म्हणाला, ‘आजोबा, वार दिसला ना, की जरा आधीच दाबायचं.’ हा सल्ला त्याने प्रामाणिकपणे दिला, पण तो दुसऱ्या गावचा होता. त्याचे शिक्षण झाले होते त्याच संस्थेच्या २०११ सालच्या ‘डार्क सोल्स’वर, तिथे वार परतवायचा तो डाव्या हातातल्या ढालीचा फटकारा मारून, आणि ढाल अंगापासून सुटून फिरेपर्यंत काही क्षण जातात, सबब बटण आगाऊ दाबावे लागते. इथे तलवार तत्काळ आडवी होते. आगाऊपणाला इथे काही कामच नव्हते. पण मी तो महिनाभर इमानाने पाळला.

दिवाळीच्या सुटीत तो घरी आला, माझा खेळ दहा मिनिटे पाहिला, आणि काही न बोलता त्याने रिमोट उचलून टीव्हीच्या दप्तरात शिरकाव केला. आमचा टीव्ही चित्र पडद्यावर आणण्यापूर्वी त्यावर बरेच संस्कार करत असे, रंग खुलवी, हालचाल गुळगुळीत करी, आणि या सजावटीत जो विलंब होतो तो सिनेमा पाहणाऱ्याला कळत नसला तरी तलवारीपुढे उभ्या असलेल्याला भोवतो. ‘गेम मोड’ नावाच्या एका सोयीने हे संस्कार बंद झाले. मला केवढा आनंद झाला! वय नव्हे, टीव्ही! परंतु हा आनंद अर्धा तासच टिकला, कारण वार पूर्वीइतकेच लागत राहिले.

मग त्याने त्याच्या मोबाइलवर, सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या संथगतीत, एकाच चौकटीत माझे बोट व पडदा दोन्ही येतील अशा बेताने चित्रण केले. जागा होती पडक्या देवळाचे आवार, आणि समोर हानबेई. हा हानबेई या खेळातील सर्वांत करुण, आणि माझ्या मते सर्वांत उपकारी, इसम. त्याला मरण येत नाही. स्वतःला मरण कसे येईल याच्या शोधात असलेला हा सामुराई, तोवर निदान कोणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून, आपल्याला हवा तितका वेळ सरावाला उभा राहतो. आपण मारतो, तो पडतो, पुन्हा उठतो. त्याच्याशी वीस वारांचा सामना आम्ही टिपला, आणि मग जेवणाच्या टेबलावर, चष्मा लावून, मी ते चित्रण एकेक पायरी पुढे सरकवत जुन्या फेरफार-नोंदी तपासाव्यात तसे तपासले.

हानबेई तलवार उजव्या खांद्यावर नेतो. त्याचा गुडघा किंचित वाकतो. पाते सर्वांत वर पोचल्यावर ते तिथे क्षणभर रेंगाळते, आणि या रेंगाळण्यातच, पाते अजून आकाशाकडे असताना, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात माझी तर्जनी खाली जाताना स्वच्छ दिसते. मग पाते उतरते. पण तोपर्यंत दाराची मुदत सुरू होऊन संपलेली असते, आणि माझे बोट बटणावर तसेच दाबलेले असल्यामुळे वार अंगावर न पडता नुसता अडवला जातो. वीसपैकी सतरा वेळा हेच. दोन वेळा अचूक. आणि उशीर, ज्याच्यावर मी महिनोन्महिने सारे खापर फोडले होते, तो अवघा एकदा. नातू माझ्याकडे पाहत होता. ‘आजोबा, तुम्ही स्लो नाही आहात,’ तो म्हणाला, ‘तुम्ही घाबरट आहात.’ आमच्या खात्यात वरिष्ठांनाही शेऱ्यात इतका स्पष्टपणा क्वचित साधतो.

या शेऱ्यावर मी दोन दिवस विचार केला. माणूस घाई का करतो, याचे उत्तर दंडाच्या कोष्टकात आहे. उशीर झाला तर वार पुरता लागतो, प्राणाची पट्टी सरकन खाली येते, शिक्षा जागच्या जागी आणि डोळ्यांसमोर. लवकर झाले तर नुसता ‘ठक्’ आवाज येऊन आपण वाचलो असे वाटते, आणि तोलाच्या पट्टीत जी थकबाकी चढत जाते ती नजरेत भरत नाही. पुढे पाचव्या-सहाव्या वाराला ती एकदम वसूल होते तेव्हा आपण दोष त्या सहाव्या वाराला देतो. मी ज्याला आयुष्यभर सावधपणा म्हणत आलो, त्यात या हिशेबाचा अंश किती होता, हे मी इथे उघड करणार नाही. शर्यतीच्या मैदानावर मात्र या गुन्ह्याची नोंद फार पूर्वीपासून होत आली आहे: इशाऱ्याच्या पिस्तुलानंतर ०.१ सेकंदाच्या आत ज्याचे पाय ठोकळ्यांवर जोर देतात, त्याने आवाज ऐकून सुरुवात केली असे मानतच नाहीत. मनुष्याच्या देहाला तितक्या लवकर ऐकून हालता येत नाही असे गृहीत आहे, तेव्हा त्याने अंदाजाने उडी घेतली असे धरून त्याला बाद करतात.

उपाय सापडला तो स्वयंपाकघरातून. मी रोज सकाळी तासभर हानबेईपुढे उभा राहू लागलो होतो, वर गेलेल्या पात्याकडे न पाहता त्याच्या कोपराकडे पाहण्याचा अभ्यास करत होतो, कारण पाते वर फसवे रेंगाळत असले तरी कोपर उतरू लागले की वार आलाच. थोडा गुण येत होता. एके दिवशी मटार सोलता सोलता सौभाग्यवतींनी आतूनच विचारले, ‘अहो, मघाशी तीनदा खणखणीत वाजलं, आता पुन्हा बद्द का वाजतंय?’ मी चमकलो. बाजारात मडके घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून, खणखणीत वाजले तरच घेणाऱ्या आणि बद्द वाजणारे, म्हणजे कुठे तरी तडा गेलेले, निमूटपणे परत ठेवणाऱ्या त्या कानाने, पडद्याकडे ढुंकूनही न पाहता, जे मी दोन महिने डोळ्यांनी शोधत होतो ते ऐकले होते. खेळात अडवलेल्या वाराचा आवाज खरोखरच बोजड असतो, आणि परतवलेल्याचा तीक्ष्ण, उंच, पोलादी, नारिंगी ठिणग्यांच्या फवाऱ्यासह. ठिणग्या मी पाहत होतो. आवाजाकडे लक्ष दिले नव्हते.

त्या दिवसापासून मी ठिणग्यांचा नाद सोडून आवाजाचा धरला. डोळ्याला दिसलेल्यावर हात हालायला साधारण पाव सेकंद लागतो, कानाला त्याहून काहीसा कमी. पण खरा लाभ या फरकाचा नव्हता. वारांची मालिका असते तेव्हा मागच्या खणखणाटापासून पुढच्या वारापर्यंतचे अंतर कान आपोआप मोजतो, आणि बोट आता वाराला उत्तर न देता त्या अंतराला उत्तर देऊ लागते. शिवाय बटण दाबून धरायचे नाही, टिचकी मारून सोडायचे. धरून ठेवले की चूक झाकली जाते. मी मुद्दाम चुका उघड्या पडू देऊ लागलो. पहिले चार दिवस प्राणाची पट्टी पुष्कळ सांडली.

आणि मग गेनिचिरो. किल्ल्याच्या माथ्यावरील दालनात, ज्याने आरंभी हात तोडला तोच हा सरदार, मोठे धनुष्य घेऊन उभा असतो. तुम्ही मागे सरून औषधाची बाटली तोंडाला लावली की तो बाण सोडतो. म्हणजे दूर राहून विचार करण्यास तहकुबी नाही. त्याची वारांची एक लांबलचक माळ आहे, तिच्यातली अंतरे सारखी नाहीत, आणि शेवटी एक लाल अक्षर चमकून असा वार येतो की जो नुसत्या तलवारीने अडवता येत नाही: भोसक असेल तर पुढे पाऊल टाकून त्याचे पाते पायाखाली दाबायचे, झाडू मारल्यासारखा खालून येणारा वार असेल तर उडी. प्रत्येक वेळी अर्ध्या क्षणात निवड करायची, आणि घाईने केलेली निवड हमखास उलटी. नोव्हेंबर सबंध मी त्याच्यापुढे घालवला. रोज त्या माळेतला एखादा मणी अधिक ओळखीचा होई: चौथा लवकर येतो, पाचव्याआधी तो श्वास घेतो, सहावा व सातवा जोडीने. आरंभी मी मोजत असे. मग मोजणे सुटले.

ज्या सकाळी ते साधले त्या सकाळी आतून मटारचा किंवा भांड्यांचा कसलाही आवाज येत नव्हता. माळ सुरू झाली, आणि एकामागून एक, खण्, खण्, खण्, माझे बोट कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे पडत-सुटत राहिले. शेवटी लाल अक्षर, भोसक, पाऊल पुढे, पाते पायाखाली. त्याच्या तोलाची पट्टी काठोकाठ भरून फुटली. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. तो कोसळला, आणि मी कंट्रोलर मांडीवर ठेवून, घामाने ओला झालेला तळवा धोतराला पुसला.

पडद्यावर गेनिचिरो उठून उभा राहिला. त्याने चिलखत उतरवून फेकले, आभाळ काळवंडले, आणि हवेत उडी घेऊन त्याने तलवारीत वीज पकडली. विजेला तलवार आडवी धरून चालत नाही, हे मला त्याच क्षणी कळले: ती उडी मारून अधांतरी अंगावर घ्यायची आणि पाय जमिनीला लागण्यापूर्वी शत्रूवर परत फेकायची. पाय जमिनीला लागण्यापूर्वी. पुन्हा एक मुदत, आणि या खेपेला उलट्या बाजूने. लाल अक्षर उमटले.

‘आता काय झालं?’ दारात उभे राहून तिने विचारले.

‘उशीर,’ मी म्हणालो, आणि तो शब्द उच्चारताना मला जे समाधान वाटले ते तिला समजावून सांगणे अवघड होते.