कळांचा फेरफार
(संगणकाचे दप्तर : लेखांक सातवा)

करंजाडे ही सिडकोने वसविलेली वसाहत. नवी मुंबई विमानतळासाठी ज्यांची गावे उठली त्यांपैकी अनेकांना येथेच भूखंड मिळाले असल्याने वाटपपत्र, ताबापावती आणि फेरफार हे शब्द येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाहीत, आणि म्हणूनच आजचा विषय येथील वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. कळफलकावरील प्रत्येक कळ हा एक भूखंड समजावा. त्याचा क्रमांक कायम असतो, मात्र त्यावर कोणत्या अक्षराची वहिवाट चालावी हे संगणकातील दप्तर ठरविते, आणि तेथील नोंद पालटली की कळेवर काहीही छापलेले असो, पडद्यावर नवे अक्षर उमटते.

लिनक्सच्या चित्रमय व्यवस्थेत या दप्तराला एक्सकेबी म्हणतात. कळ दाबली असता कीबोर्ड केवळ क्रमांक कळवितो. कॅप्स लॉकचा क्रमांक लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, लेखी ५८ असतो आणि चित्रमय व्यवस्था चालविणाऱ्या एक्सच्या लेखी त्यात ८ मिळवून तो ६६ होतो. एक्सकेबी त्या क्रमांकाला आधी जागेचे नाव देते आणि मग त्या जागेपुढे लिहिलेले अक्षर वाचते. 'एडी१२' म्हणजे 'क्यू'पासून सुरू होणाऱ्या ओळीतील बारावी कळ, अर्थात उजवा चौकटी कंस.

मराठीला या दप्तराची गरज का पडावी, याचे उत्तर इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या सामायिक कळफलक-रचनेच्या घडणीत आहे. १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही रचना प्रमाणित केली व १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये, तिला स्थान मिळाले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि 'क' कोणत्याही भारतीय लिपीत त्याच कळेवर, ही योजना निःसंशय विचारपूर्वक केलेली आहे. तथापि सामायिक घरात राहणाऱ्यास शेजाऱ्याचेही सामान सांभाळावे लागते, तसे मराठी लेखकाला ऩ आणि ऴ ही अक्षरे विनाकारण बाळगावी लागतात. याउलट 'अधिकाऱ्यांनी', 'कर्मचाऱ्यांस', 'दुसऱ्या' असे शब्द ज्याला दिवसभर टंकित करावयाचे, त्याला ऱ साठी प्रत्येक वेळी शिफ्ट धरून 'जे' दाबावी लागते, आणि मराठीत क्वचितच लागणारा नुक्ता मात्र शिफ्टविना 'एडी१२'वर ऐसपैस बसलेला असतो. मला ही वाटणी अन्यायाची वाटते.

तिचा निकाल दोन ओळींत लागतो. एक्सकेबीच्या 'सिम्बॉल्स' फोल्डरात 'इन' नावाची फाईल असते. तीतील देवनागरीच्या विभागात 'एडी१२'पुढे यू०९३सी आणि यू०९१ई, म्हणजे नुक्ता व ञ, आणि 'एसी०७'पुढे, म्हणजे 'जे'च्या जागेपुढे, यू०९३० व यू०९३१, म्हणजे र व ऱ, असे लिहिलेले सापडेल. यू०९३सी आणि यू०९३१ यांची अदलाबदल करावी, फाईल जतन करून पुन्हा लॉगिन करावे. मग चौकटी कंस, 'डी'वरील हलन्त आणि य अशा तीन कळांत 'ऱ्य' उमटतो, शिफ्टला हात लावावा लागत नाही. नुक्ताही गहाळ होत नाही, तो शिफ्टसह 'जे'वर जातो. (युनिकोडच्या हिशेबी र आणि नुक्ता मिळून ऱ च होतो, म्हणून जुन्या सवयीने लिहिलेला मजकूरही बाद ठरत नाही.)

कॅप्स लॉकचे काम याहून सोपे आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा इंग्रजी-मराठी पालटण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. त्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये किंवा ट्वीक्स नावाच्या साधनात तयारच असतो, फाईल उघडावी लागत नाही. जुन्या माहितगारांकडून 'एक्समॉडमॅप'ची शिफारस ऐकू येईल. ती मान्य करू नये, कारण कळफलक बदलताच त्याच्या नोंदी पुसल्या जातात आणि एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडवर तो चालतच नाही.

'इन' या मूळ फाईलला हात लावण्यापूर्वी तिची नक्कल काढावी. प्रणाली अद्ययावत होताना ती फाईल नव्याने येते व आपला फेरफार नाहीसा होतो, म्हणून त्या दोन ओळी वेगळ्या टिपून ठेवाव्यात. शासकीय टंकलेखन परीक्षेस बसणाऱ्यांनी मात्र परीक्षा होईपर्यंत या खटपटीत पडू नये. केंद्रावरील संगणकात आपली नोंद नसते, आणि बोटांना लागलेली सवय तेथे ऐन वेळी सोडवत नाही.