वॉशिंग मशीन: दार समोर की झाकण वर?

घरात लग्न ठरले किंवा ईदच्या खरेदीची यादी निघाली की त्यात आजकाल वॉशिंग मशीनचे नाव असतेच. दुकानात पाऊल ठेवताच विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "फ्रंट लोड दाखवू की टॉप लोड?" उत्तर बहुधा घरातले पुरुष देतात. कधी खिसा बघून, तर कधी शेजारच्यांनी काय घेतले ते आठवून. पुढची आठ-दहा वर्षे ज्या बाईला ते मशीन चालवायचे असते, ती मागे गप्प उभी असते.

आमचे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, घरात मिळते. आपला नळ, आपली टाकी, विजेचा बोर्ड आणि अम्मीचे गुडघे यांना आधी विचारावे आणि मग दुकानाची पायरी चढावी. काय विचारायचे, तेच या लेखात पाहू.

दोन्हींची धुण्याची रीत

टॉप लोड मशीनचा टब उभा असतो. वरचे झाकण उघडून कपडे टाकायचे. टब पाण्याने भरतो, कपडे त्यात बुडतात आणि तळाची चकती पाणी घुसळते. आपण मोठ्या बादलीत कपडे खळबळतो, तसाच हा प्रकार.

फ्रंट लोडचा ड्रम आडवा असतो आणि दार समोर. पाणी ड्रमच्या तळाशी थोडेच असते. ड्रम फिरला की आतले उंचवटे ओले कपडे वर उचलतात आणि वरून खाली टाकतात. हे धोब्याने दगडावर कपडे आपटण्यासारखे, फक्त त्याहून पुष्कळ हलक्या हाताने.

बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात. फ्रंट लोडला पाणी कमी लागते, कपड्यांची झीज कमी होते आणि मळ चांगला निघतो. पण वेळ जास्त लागतो, दीड-दोन तास सहज. टॉप लोड पाऊण ते एक तासात मोकळे होते. पण पाणी जास्त घेते आणि कपड्यांना पीळ पडतो. तिसरा प्रकार सेमी ऑटोमॅटिकचा. त्यात धुण्याचा टब वेगळा, पिळण्याचा वेगळा, आणि कपडे हाताने इकडून तिकडे टाकावे लागतात. दुकानदार ते शेवटी दाखवतात. तरी अनेक घरांना तेच सोयीचे पडते. का, ते पुढे येईल.

पहिला प्रश्न पाण्याचा

सात किलोचे फ्रंट लोड मशीन एका धुण्याला साधारण ५० ते ७० लिटर पाणी घेते. तेवढ्याच क्षमतेचे टॉप लोड साधारण १०० ते १५० लिटर. आपल्या पंधरा लिटरच्या बादलीने मोजले तर एकीकडे चार बादल्या, दुसरीकडे आठ. आठवड्यातून पाच वेळा मशीन लावले तर फरक वीस बादल्यांचा, म्हणजे ३०० लिटरचा होतो. ज्या गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येते, त्यांना हा आकडा समजावून सांगायला नको. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे मराठवाड्यातल्या बहिणी विसरलेल्या नाहीत.

यावरून कोणी म्हणेल की टंचाईच्या गावाला फ्रंट लोडच बरे. थांबा, इथे एक मेख आहे. फ्रंट लोड पाणी फक्त नळीतून घेते आणि नळीत पुरेसा दाब लागतो. अनेक मॉडेलांना किमान ०.३ बार दाब हवा असतो. म्हणजे टाकीतले पाणी मशीनच्या तोटीपेक्षा निदान दहा फूट उंच हवे. पत्र्याच्या घरात किंवा बैठ्या चाळीत टाकी डोक्याइतक्या उंचीवर ठेवलेली असते. तिथे पाणी थेंब-थेंब येते, मशीन वाट बघते आणि शेवटी चूक दाखवून बंद पडते. दाब वाढवणारा छोटा पंप बसवता येतो, पण तो खर्च आधीच धरायला हवा.

टॉप लोडलाही नळाचा दाब लागतोच. तरी अडचणीच्या दिवशी झाकण उघडून बादलीने पाणी ओतता येते, मात्र मग विसळायच्या प्रत्येक पाण्याला जवळ उभे राहावे लागते. सेमी ऑटोमॅटिकला तर नळाची गरजच नाही. पिंपातले पाणी भरा, आधी पांढरे कपडे धुवा, त्याच साबणाच्या पाण्यात मग रंगीत, शेवटी पायपुसणी. पाणी मोजून वापरणाऱ्या घरात हा हिशेब फार कामाचा आहे.

आता पाण्याचा गुण. बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार जास्त असतात. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कपडे कडक होतात आणि पांढऱ्या कुर्त्यांवर पिवळट छटा चढते. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवण्याचा हीटर असतो. जड पाणी तापले की चहाच्या पातेल्याला बसतो तसा पांढरा थर हीटरवर बसतो. थर वाढला की वीज जास्त लागते आणि एक दिवस हीटर जातो. बोअरचे पाणी असेल तर क्षार काढणारी पावडर टाकून मशीन दर महिन्या-दोन महिन्यांनी रिकामे चालवावे आणि रोजचे कपडे थंड पाण्यातच धुवावेत. कोकणातल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, तिथे हा त्रास कमी.

वीज आणि वाळवण

मशीनची मोटर फारशी वीज खात नाही. खातो तो हीटर. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवायला सुमारे पाव युनिट लागते आणि ६० अंशांपर्यंत न्यायचे तर सुमारे ०.६ युनिट. म्हणून गरम पाण्याचे बटण आजारी माणसाच्या चादरी, बाळाचे लंगोट आणि तेलकट टॉवेल यांच्यासाठी राखून ठेवावे.

वीज अर्ध्यात गेली तर टॉप लोडचे झाकण उघडून कपडे काढता येतात. फ्रंट लोडचे दार आत पाणी असेपर्यंत उघडत नाही. भारनियमनाच्या गावात हे ध्यानात ठेवावे. दोन तासांचे धुणे आणि दर तासाला जाणारी वीज यांचे जमत नाही.

फ्रंट लोडचा एक मोठा फायदा पावसाळ्यात कळतो. त्याचा ड्रम मिनिटाला १,००० ते १,४०० फेरे घेऊन कपडे पिळतो. टॉप लोड साधारण ७०० च्या आसपास. रत्नागिरी-रायगडकडे जून ते सप्टेंबर घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवावे लागतात. मुंब्रा किंवा भिवंडीच्या एका खोलीच्या घरात तर बारा महिने तीच गत. तिथे कपडा अर्धा दिवस आधी वाळणे ही चैन म्हणता येणार नाही. कुबट वास आणि ओल तेवढी कमी होते.

कपडे पाक होतात का?

हा प्रश्न बहिणी हमखास विचारतात: इतक्या कमी पाण्यात धुतलेल्या कपड्यांवर नमाज होईल का? साफ होणे आणि पाक होणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या मानतो, म्हणून प्रश्न रास्त आहे.

दोन्ही प्रकारची ऑटोमॅटिक मशीन साबणाचे पाणी बाहेर टाकून नवे पाणी घेतात, कपडे विसळतात आणि पिळतात. हे किती वेळा होते, ते मॉडेलवर आणि निवडलेल्या प्रोग्रामवर ठरते. बहुतेक मशीनमध्ये जादा विसळण्याचे बटण असते. सेमी ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेच पाणी पुन्हा वापरले जाते, म्हणून तिथे सावध राहावे.

यातून सुटण्याचा सोपा मार्ग आपल्या दादी-नानींचाच आहे. बाळाने ओले केलेले किंवा रक्त लागलेले कपडे बाकीच्या कपड्यांत मिसळू नयेत. आधी ते नळाखाली धुऊन, पिळून नापाकी काढून टाकावी आणि मगच मशीनमध्ये घालावेत. मग मशीन कोणते, हा प्रश्नच उरत नाही. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच धुवावा, गरम पाण्याने तो पक्का होतो. किती वेळा धुवावे आणि पिळावे याचे तपशील हनफी आणि शाफई मतांत वेगळे आहेत. ते आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावेत.

कंबर, गुडघे आणि लहान मुले

फ्रंट लोडचे दार खाली असते. कपडे घालायला आणि काढायला वाकावे किंवा बसावे लागते. ज्या घरात धुण्याचे काम सासूबाईंकडे किंवा गुडघे दुखणाऱ्या अम्मीकडे आहे, तिथे टॉप लोड सुखाचे. मात्र उंची कमी असेल तर खोल टबाच्या तळाशी हात पोहोचतो का, ते दुकानातच बघावे. फ्रंट लोड घ्यायचेच असेल तर खाली भक्कम ओटा बांधून घ्यावा. हलक्या स्टँडवर ते ठेवू नये. त्याच्या पोटात काँक्रीटचे वजन असते आणि ते एकूण ६०-७० किलोंपर्यंत भरते. ड्रम आवळून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट मशीन बसवताना काढले की नाही, हेही विचारावे. ते राहिले तर मशीन नाचत सुटते.

घरात रांगते मूल असेल तर टॉप लोडच्या किंवा सेमी ऑटोमॅटिकच्या भरल्या टबाजवळ स्टूल-बादली ठेवू नये. फ्रंट लोडचे रबर कुजू नये म्हणून धुणे झाल्यावर दार थोडे उघडे ठेवावे लागते, पण त्यात मूल शिरण्याची भीती असते. म्हणून रबर पुसून, न्हाणीघराचे दार बाहेरून लावून मगच ते उघडे ठेवावे. प्रकार कोणताही असो, अर्थिंग तपासल्याशिवाय मशीन लावू नये. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

आपले कपडे

हिजाबच्या पिना हा आपल्या घरांतला खास शत्रू. एक पीन ड्रमच्या भोकातून आत गेली की पंपात अडकते किंवा रबर फाडते. टोपलीत कपडे टाकतानाच पिना डबीत काढून ठेवायची सवय मुलींना लावावी. काळे अबाया आणि बुरखे उलटे करून, थंड पाण्यात, वेगळे धुवावेत. जरीचे आणि खड्यांचे दुपट्टे हातानेच धुतलेले बरे. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तेव्हा घाबरू नये. धुऊन उन्हात वाळवला की तो फिका पडतो.

फ्रंट लोडमध्ये हाताने धुण्याची पावडर टाकू नये. तिचा फेस फार होतो, फेसात कपडे आपटत नाहीत आणि तो काढायला मशीन आणखी पाणी घेते. सात किलो हे वजन कोरड्या कपड्यांचे असते. गोधडी आणि जाड रजई त्यात कोंबू नये.

जहेजमधले मशीन

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुलीच्या लग्नात मशीन देण्याची चाल आता खेड्यांतही पोचली आहे. देणे शोभून दिसावे म्हणून बाप कर्ज काढून महागडे फ्रंट लोड घेतो. ज्या घरात ते जाणार, तिथल्या नळाला दाब आहे का, बोर्डात जाड तीन पिनांचा प्लग बसतो का, हे कोणी विचारलेले नसते. मग ते मशीन कोपऱ्यात कापड पांघरून उभे राहते, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात आणि दुल्हन मोरीत बसून सात जणांचे कपडे घासते. बापाचे पैसे गेले, मुलीचे कष्ट तसेच राहिले. असे ओझे मागूही नये आणि लादूही नये. नवे घर मांडणाऱ्या जोडप्याने आपले पाणी आणि आपली जागा बघून, आपल्या कमाईतून घेतलेले साधे मशीन त्याहून बरकतीचे.

मग काय घ्यावे?

नळाला दाब, वीज भरवशाची, पाणी मऊ, वाळवायला जागा कमी आणि खर्चाची ताकद असेल तर फ्रंट लोड घ्यावे. पाणी पुरेसे, वेळ कमी आणि वाकायला त्रास असेल तर टॉप लोड. पाणी साठवणीचे आणि वीज लहरी असेल तर सेमी ऑटोमॅटिक घ्यायला मुळीच लाजू नये. कोणतेही घेतले तरी मशीनवरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वीज आणि पाणी यांचे आकडे वाचावेत, दुरुस्तीचा माणूस आपल्या गावात येतो का ते विचारावे आणि तळाला उंदरांसाठी जाळी आहे ना, ते बघावे.

आणि खरेदीच्या दिवशी जिला ते चालवायचे आहे तिला बरोबर न्यावे. झाकण तिने उघडून बघावे, दारापुढे तिने वाकून बघावे आणि शेवटचा शब्दही तिचाच असावा.