फोनवरची अटक

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. दुपारी सहज आत्याकडे डोकावलो, तर दार किलकिले करून ती कुजबुजली, "अरे, आत्ता नको. मी अटकेत आहे."

आत्या निवृत्त शिक्षिका. उभ्या जन्मात कुणाची दिडकी बुडवली नाही. मला हसूच आले. पण आत गेलो आणि ते विरले. टेबलावर तांब्याला टेकवून मोबाईल उभा होता. पडद्यावर खाकी गणवेशातले एक गृहस्थ, मागे अशोकस्तंभ. आत्याच्या नावाच्या पार्सलात म्हणे अमली पदार्थ सापडले होते! तिचा आधार क्रमांक त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला. मग खोटे कसे वाटावे? सकाळपासून ती त्या तांब्यासमोर बसून होती. कॅमेऱ्यापुढून हलायचे नाही, कुणाला सांगायचे नाही, आणि फोन चालू ठेवूनच बँकेत जाऊन ठेव मोडायची. 'तपासणी' झाली की रक्कम परत! पासबुक पिशवीत तयार होते. मी फोन बंद केला.

वाचकहो, 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस असोत की सीबीआय, व्हिडिओवरून कुणी अटक करीत नाही, पैसेही भरून घेत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही हेच सांगितले होते. आत्याने ते ऐकलेही होते! पण भीतीपुढे ऐकलेले आठवत नाही. या लबाडांची सारी मदार 'कुणाला सांगू नका' या तीन शब्दांवर. पैसे गेलेच, तर लाजत न बसता १९३० या क्रमांकावर कळवावे, तेही तत्काळ. रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरते. वेळीच कळले तर वाटेत गोठवता येते.

"मला एक फोन का नाही केलास?" मी चिडूनच विचारले.

"मागे विचारले होते रे, बँकेच्या त्या संदेशाविषयी. तू जेवताना सगळ्यांना हसून सांगितलेस."

वर्गात 'शंका विचारायला लाजू नका' असे गेली वीस वर्षे सांगणारा मी! काय बोलणार?

आता रोज रात्री आठला मी तिला फोन करतो, ती दिवसाचे संदेश वाचून दाखवते. परवाचा एक खरोखरच बँकेचा निघाला. तोही मी दोनदा वाचून घेतला.