गेटवर वॉचमन आहे, पण दाराला कडी?

चार जणांचा फ्लॅट, एक ब्रॉडबँड कनेक्शन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर. कुठल्याही स्टुडंट फ्लॅटमधलं हे चित्र. अशात मित्राच्या लॅपटॉपवर गेम कनेक्ट होईना किंवा फाइल शेअर होईना, की हमखास सल्ला मिळतो, 'अरे, विंडोजची फायरवॉल बंद करून टाक. राउटरमध्ये असतेच की!' सल्ल्याचा दुसरा भाग बरोबर आहे. पहिला मात्र महागात पडू शकतो.

आधी राउटरचं काम समजून घेऊ. तो घरातल्या प्रत्येक मोबाइल-लॅपटॉपला एक खासगी पत्ता देतो, बहुतेकदा १९२.१६८ने सुरू होणारा. बाहेरच्या जगाला मात्र फक्त राउटरचा पत्ता दिसतो. तुम्ही एखादी वेबसाइट उघडली, की तिचं उत्तर कुणाला द्यायचं याची नोंद तो ठेवतो. न मागवता बाहेरून काही आलं, तर ते कुणाचं हेच त्याला ठाऊक नसतं. मग तो ते आत सोडत नाही. सोसायटीच्या वॉचमनसारखंच. कुणी मागवलंच नसेल, तर पार्सल गेटवरूनच परत!

पण आतल्या आत काही घडलं तर? रूममेटच्या लॅपटॉपमध्ये क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस शिरला, तर तो आधीच गेटच्या आत आलाय. आता तो तुमच्या लॅपटॉपचं दार ठोठावतो, तेव्हा साध्या घरगुती राउटरला त्यात काहीच वावगं वाटत नाही. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर असंच पसरलं. फाइल शेअरिंगच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून ते एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायचं, तेही कुणी काही क्लिक न करता. जवळपास १५० देशांना त्याचा फटका बसला. ही त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ते न टाकलेले आणि हे पोर्ट उघडं असलेले कम्प्युटर त्यात सापडले.

शिवाय लॅपटॉप काही घरी बसून राहत नाही. कॉलेजची लायब्ररी, कॅफे, रेल्वे स्टेशन... तिथे आपला राउटर सोबत नसतो. सोबत असते ती लॅपटॉपमधली फायरवॉलच.

'दोन फायरवॉल एकमेकींना नडतात' असंही ऐकू येतं. राउटरची एक आणि लॅपटॉपची एक, यात काहीच अडचण नाही. एकाच लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर फायरवॉल चालवल्या, तर मात्र गोंधळ होऊ शकतो.

मग करायचं काय?

- 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये जाऊन फायरवॉल ऑन आहे ना, ते बघा. मॅक किंवा उबंटू वापरत असाल तर नक्कीच तपासा. उबंटूवर ती सहसा स्वतःहून सुरू करावी लागते.
- बाहेरचं वायफाय जोडताना नेटवर्क 'पब्लिक' ठेवा. 'प्रायव्हेट' फक्त घरी, तेही सोबतच्यांवर विश्वास असेल तर.
- गेम चालत नसेल, तर अख्खी फायरवॉल बंद न करता फक्त त्या गेमला परवानगी द्या. आणि 'अलाऊ अॅक्सेस'ची खिडकी आली, की आधी अॅपचं नाव वाचा.
- राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला. २०१६मध्ये 'मिराय'ने कंपनीने दिलेले पासवर्ड वापरूनच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

एक लक्षात ठेवा, खोट्या लिंकवर तुम्हीच पासवर्ड टाकलात, तर कुठलीच फायरवॉल तुम्हाला वाचवणार नाही. म्हणून अपडेट्स टाळू नका आणि प्रोजेक्टची एक कॉपी लॅपटॉपबाहेरही ठेवा. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल्स लॉक झाल्या, तर 'सर, व्हायरस आला' हे कारण कुणीही ऐकून घेणार नाही!