दवा, दुआ आणि तरुण दुवा

सहरीला सगळे दस्तरखानाभोवती जमतात, पण आजी खजुरालाही हात लावत नाही. 'दिल घबराता है', एवढेच म्हणते. रात्रभर तिला झोप नसते. घरचे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, नजर लागली. 'नैराश्य' हा शब्द तिच्या बोलीतच नाही. दवाखान्यात ती छातीवर हात ठेवते, डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात. अहवाल चांगला येतो. आजी तशीच राहते.

असे चित्र अनेक घरांत दिसते. तिथे कॉलेजात शिकणारी नात मोलाची ठरते. तिला आजीची दखनी कळते आणि डॉक्टरांची मराठीही. आजीची झोप, भूक आणि उमेदही गेली आहे, हे ती नेमके सांगू शकते. मात्र ते आजीच्या संमतीनेच सांगावे आणि मोहल्ल्यात त्याची चर्चा करू नये, हे पथ्य तिने पाळायला हवे.

दुआ आणि दवा यांच्यात भांडण लावायचे कारण नाही. नवव्या-दहाव्या शतकातील विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर व मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' उपक्रमातून भाविकांना मानसोपचारही मिळू लागले. दवेकडे पाठ फिरवली की काय होते, हे तमिळनाडूतील एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथे लागलेल्या आगीने २८ मनोरुग्णांचा बळी घेतला. ते साखळदंडांनी बांधलेले होते.

रमजानमध्ये आणखी एक जोखीम असते. रोजा ठेवायचा म्हणून काही जण गोळ्या परस्पर बंद करतात. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले, तर औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. आजाऱ्याला रोजाची सवलत खुद्द कुरआनने (सूरह बकरा, आयत १८४) दिली आहे. ही आयत नातवंडांनी प्रेमाने वाचून दाखवली, तर घरात लवकर पटते. गोळ्या सहरी-इफ्तारच्या वेळांत बसवता येतील का, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत, उर्दूतही बोलता येते. पण फोनच्या आधी एक काम घरातच करता येते. इफ्तारनंतर आजीजवळ बसून तिच्याच बोलीत विचारायचे, 'दादी, दिल को क्या हो रा?' आणि मग तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत उठायचे नाही.