यंत्रांतील ज्ञान आणि अर्थाची देवघेव

नारपोलीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात कोणी नुसते ‘चाळीस’ म्हटले, तर ऐकणारा लगेच विचारील, “नंबर की डेनियर?” सुती सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. साहजिकच नंबर वाढला की सूत बारीक होते. डेनियरचा हिशेब याच्या उलट आहे. 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनियर. म्हणून तेथे आकडा वाढला की धागा जाड. 5315 या संख्येला नंबराने भागले म्हणजे स्थूलमानाने डेनियर निघतो. त्या हिशेबाने 40 नंबरचे सूत सुमारे 133 डेनियरचे होते, आणि 150 डेनियरचा धागा त्याहून जाड ठरतो. पण मोठा आकडा तो बारीक, एवढेच ज्याला शिकवले आहे असा संगणक या धाग्याला अतिशय बारीक समजेल, आणि तसे समजूनच पुढची मागणी नोंदवील. नुकसान मात्र मागवाल्याच्या माथी बसेल.

विषय असा, की दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या लोकांनी संगणकात साठवलेले ज्ञान एकमेकांच्या उपयोगी कसे पडावे? येथे ज्ञान म्हणजे केवळ नोंदी नव्हेत. कोणती वस्तू कोणत्या प्रकारात मोडते, कशाचा कशाशी काय संबंध, एकावरून दुसरे काय अनुमान निघते, हेही त्यात आले. असे ज्ञान मांडण्याची साधने पुष्कळ झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘प्रोटेजे’ हे त्यांपैकी प्रसिद्ध. आरंभी ज्याची त्याची लेखनपद्धती निराळी होती. पुढे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने 1999 मध्ये ‘आरडीएफ’ आणि 2004 मध्ये ‘आउल’ या सामाईक पद्धती ठरवून दिल्या, तेव्हा एका साधनाने लिहिलेले दुसऱ्याला वाचता येऊ लागले.

परंतु वाचता येणे निराळे आणि समजणे निराळे. हिंदी व मराठी यांची लिपी एकच आहे. तरी ‘शिक्षा’ हा शब्द हिंदी मुलाला शाळेत नेतो आणि मराठी मुलाला कोपऱ्यात उभा करतो!

या अडचणीचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे मुंबईच्या आय.आय.टी.तील शब्दजालाचे काम. प्रिन्स्टन येथे जॉर्ज मिलर यांनी 1985 मध्ये इंग्रजी शब्दजाल विणण्यास आरंभ केला. त्यात समानार्थी शब्दांचा एकेक संच करून ते संच परस्परांशी जोडलेले असतात. त्याच धर्तीवर मुंबईत हिंदीचे व मराठीचे, तर गोवा विद्यापीठात कोंकणीचे शब्दजाल झाले, आणि अशा 18 भारतीय भाषा ‘इंडोवर्डनेट’मध्ये एकत्र आल्या. प्रत्येक भाषा प्रत्येकीशी स्वतंत्रपणे जोडायची तर 153 जोड्या होतात. हिंदी मध्ये ठेवली की 17 जोड्यांत भागते. सोय मोठी, पण तिची किंमत पडते. लग्नातला आपला ‘उखाणा’ मधल्या भाषेत नसेल, तर त्याच्यासाठी निराळी जागा करावी लागते. कोणी न केली तर तो शब्द गळून जातो, आणि गळाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

याहून अवघड प्रकार नात्यांच्या शब्दांचा. उत्तरेकडील हिंदीत वडिलांचा थोरला भाऊ तो ‘ताऊ’ आणि धाकटा तो ‘चाचा’. आपल्याकडे दोघेही काकाच. आता एकाने यंत्राला सांगितले, चाचा म्हणजे काका; दुसऱ्याने सांगितले, ताऊ म्हणजे काका. दोघेही प्रामाणिक आहेत. पण यंत्र तर्काला पक्के! एकाशी समान असलेल्या दोन गोष्टी परस्परांशी समान, या नियमाने ते क्षणात निष्कर्ष काढील की ताऊ आणि चाचा एकच. एका घरातले थोरले-धाकटेपण असे पुसले जाते, आणि चूक कोठे झाली हे शोधू गेल्यास दोन्ही वाक्ये वरवर निर्दोष दिसतात.

म्हणून 2009 मध्ये त्याच संस्थेने ‘स्कॉस’ नावाची जी पद्धती मान्य केली, तीत संबंधांच्या पायऱ्या केल्या आहेत. ‘तंतोतंत तेच’ हा एक संबंध, ‘त्याच्या जवळचे’ हा दुसरा, ‘त्याहून व्यापक’ हा तिसरा. यातील ‘जवळचे’ हा संबंध मुद्दामच असा ठेवला आहे, की त्यावरून साखळी पुढे ओढता येऊ नये. काका हा चाचापेक्षा आणि ताऊपेक्षाही व्यापक, असे लिहिले की वरचा घोटाळा उद्भवतच नाही. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. आपल्याला नक्की किती ठाऊक आहे ते यंत्रालाही सांगता येते.

हे जुळवणीचे काम मात्र यंत्रावर सोपवून मोकळे होता येत नाही. नंबर आणि डेनियर यांतला फरक सुताला रोज हात लावणाऱ्याला कळतो. संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याला तो कोणीतरी सांगावा लागतो. मोठा खरेदीदार आपली कोष्टके पाठवतो आणि लहान मागवाला ती मुकाट्याने भरतो, त्यात मागवाल्याचे शब्द कोणी विचारात घेत नाही. निदान त्याने आपल्या हिशेबाच्या कार्यक्रमात एवढे मागून घ्यावे: प्रत्येक आकड्याशेजारी नंबर की डेनियर हे सांगणारा रकाना, आणि समोरच्याच्या शब्दाशी आपला शब्द ‘तोच’ म्हणून जोडला की ‘जवळचा’ म्हणून, ही नोंद जोडणाऱ्याच्या नावासह.