आजरा ते स्कॉटलंड, व्हाया विकिपीडिया

उद्या सबमिशन असतं, एक व्याख्या हवी असते, म्हणून आपण विकिपीडिया उघडतो. रात्री दोन वाजता लक्षात येतं की व्याख्या राहिली बाजूला, आपण भलतंच काहीतरी वाचत बसलोय. निळ्या अक्षरांवर एकदा क्लिक करायला लागलं की थांबणं कठीण!

समजा, सुरुवात आजऱ्यापासून केली. आजऱ्याजवळून हिरण्यकेशी वाहते. ती पुढे घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. कृष्णेवरून कोयना, कोयनेवरून ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, भूकंपावरून रिश्टर स्केल, तिथून लॉगरिदम आणि लॉगरिदमवरून १६१४ मध्ये ते जगासमोर मांडणारा जॉन नेपियर. नेपियर स्कॉटलंडचा. म्हणजे नऊ उड्यांत आजऱ्याहून थेट स्कॉटलंड, तेही एस.टी.शिवाय.

असं भटकण्यात वाईट काहीच नाही. उलट सिलॅबसबाहेरचं बरंच ज्ञान असंच मिळतं. पण भटकताना रस्त्याकडेही बघायला हवं. नेपियरबद्दल पानंच्या पानं मिळतात. आजरा तालुक्यातल्या एखाद्या लहान गावाबद्दल काय मिळतं? भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मराठी विकिपीडियावर असंख्य गावांची पानं याच साच्यातली आहेत. बऱ्याच पानांवर गावाचं नाव बदललं तरी बाकीचा मजकूर तसाच चालून जाईल.

इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मराठी मे २००३ मध्ये. वयात फरक जेमतेम सव्वादोन वर्षांचा. पण इंग्रजीत आज सुमारे सत्तर लाख लेख आहेत आणि मराठीत लाखाच्या आसपास. अर्थात नुसत्या आकड्यालाही भुलू नये. फिलिपाइन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाखांवर लेख आहेत, पण त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या प्रोग्रॅमने आपोआप तयार केलेले. आणि ज्या स्कॉटलंडला आपण आत्ता पोचलो, तिथल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियातले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिले होते. हे २०२० मध्ये उघडकीला आलं, तोवर ते सगळे लेख खरे म्हणून वाचले जात होते.

मग या मोकळ्या जागा का राहतात? पहिलं कारण सोपं आहे. ज्याला वेळ, नेट आणि कॉम्प्युटर आहे तो लिहितो आणि आपल्या आवडीचं लिहितो. लिहिणाऱ्यांत पुरुष फार आणि स्त्रिया थोड्या, हे विकिपीडियावाल्यांच्या स्वतःच्याच पाहण्यांत वारंवार दिसलंय.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विकिपीडियावर स्वतःला माहीत आहे म्हणून लिहिता येत नाही, आधी कुठेतरी छापून आलेला विश्वासार्ह संदर्भ लागतो. नियम योग्यच आहे, नाहीतर कोणीही काहीही ठोकून देईल. पण त्याचा परिणाम बघा. डॉना स्ट्रिकलँड यांना लेसरवरच्या कामासाठी २ ऑक्टोबर २०१८ ला फिजिक्सचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पानच नव्हतं. काही महिन्यांपूर्वी आलेला मसुदा 'पुरेसे संदर्भ नाहीत' म्हणून परत गेला होता!

आता आजऱ्याचा घनसाळ घ्या. हा सुवासिक भात इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकवतात. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारी कागद तयार झाला, बातम्या आल्या, संदर्भ मिळाले. पण तरवा कधी टाकायचा, वाण कसा जपायचा हे जिला तोंडपाठ आहे, त्या बाईचं बोलणं संदर्भ ठरत नाही. काळा जिरगा हाही याच भागातला सुवासिक भात, पण त्याच्या नशिबी एवढा कागद नाही. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत आजऱ्याचे. त्यांच्याबद्दल भरपूर छापलं गेलंय, म्हणून त्यांच्यावर लिहिणं सोपं. थोडक्यात, कोशात जी गोष्ट नाही ती जगात नाही असं नसतं. बहुतेक वेळा ती छापलेली नसते, एवढंच.

हा प्रश्न जुनाच आहे. डॉ. श्री. व्यं. केतकरांनी १९२० पासून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. दुसऱ्याच्या नजरेतून लिहिलेला कोश आपल्याला पुरत नाही, हे त्या पिढीने ओळखलं होतं.

आपल्याला तर आणखी एक काळजी आहे. विकिपीडियातला मजकूर बातम्यांत जातो आणि तीच बातमी पुन्हा विकिपीडियात संदर्भ म्हणून येते. कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकलेला पॉझिटिव्ह फीडबॅक तो हाच. आता प्रश्नांना उत्तरं देणारे एआय प्रोग्रॅमही याच मजकुरावर शिकतात. त्यामुळे आज रिकामी असलेली जागा उद्या यंत्राच्या उत्तरातही रिकामीच राहणार, किंवा भलत्याच गोष्टीने भरणार.

मग करायचं काय? वाचताना तीन गोष्टी बघा: पानाखालचे संदर्भ, 'इतिहास' टॅबमधले बदल आणि 'चर्चा' पानावरचे वाद. त्यावरून मजकूर किती पक्का आहे ते बरंचसं कळतं. शक्य असेल तर तोच विषय मराठी विश्वकोशातही बघा, तो नेटवर फुकट आहे. आणि आपल्यापैकी जे आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडचे आहेत, त्यांनी सुट्टीत गावातला एक बंधारा, एक वाण किंवा एक जुना कारागीर निवडावा. नीट विचारून, मोजून, तारखांसकट लिहून काढावं आणि स्थानिक वर्तमानपत्रात किंवा एखाद्या नियतकालिकात छापून आणावं. आधी छापलं गेलं, तरच पुढे कोणाला संदर्भ देता येईल. आपल्या गावाचं पान स्कॉटलंडचा माणूस भरणार नाही. बघा, जमतंय का!